वेळमापनाचा जुना कोड सामायिक चौकटीत नेताना

लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसरचा जुना वेळमापनाचा कोड कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सामायिक चौकटीत, म्हणजे सर्व प्रोसेसरांसाठीच्या एकाच यंत्रणेत, न्यायला घेतला असेल, तर वेळ मोजणे आणि ठरल्या क्षणी इंटरप्ट (प्रोसेसरचे हातचे काम थांबवणारा संकेत) देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी मनाशी पक्के करा. जुन्या कोडमध्ये ती एकाच टिक हँडलरमध्ये, म्हणजे ठराविक अंतराने येणारा इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंतलेली असतात. कर्नल २.६.१८ पासून पहिल्यासाठी क्लॉकसोर्स आणि २.६.२१ पासून दुसऱ्यासाठी क्लॉकइव्हेंट उपलब्ध आहे.

सुरुवात क्लॉकसोर्सपासून करा. त्याच्या रीड फंक्शनमध्ये नॅनोसेकंदांचे गणित करू नका; काउंटरचे (सतत मोजत राहणाऱ्या हार्डवेअरचे) मूल्य तेवढे परत करा, बाकीचे कर्नल पाहतो. मास्क (काउंटरचे किती बिट धरायचे ते सांगणारे मूल्य) मात्र काउंटरच्या खऱ्या रुंदीचाच द्या. २४ मेगाहर्ट्झवर चालणारा ३२ बिटांचा काउंटर सुमारे १७९ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, आणि मास्क ६४ बिटांचा दिला असेल तर नेमकी तिथेच वजाबाकी चुकते. काउंटर उलटा मोजत असेल, तर वाचलेल्या मूल्याचे सर्व बिट उलटवून परत करा. ते विसरण्याच्या एवढ्याशा चुकीपायी माझे दोन दिवस गेले होते.

क्लॉकइव्हेंटमध्ये खरी काळजी तुलना करणाऱ्या रजिस्टरची घ्यावी लागते; त्यातल्या मूल्याशी काउंटर जुळला की इंटरप्ट येतो. पुढची वेळ त्यात लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचा. तेवढ्यात ती वेळ उलटून गेली असेल, तर उणे ई-टाइम (-ETIME, ‘वेळ टळली’ असे सांगणारा त्रुटी-संकेत) परत करा. नाहीतर काउंटरची पूर्ण फेरी होईपर्यंत इंटरप्ट येणार नाही आणि यंत्र गोठल्यासारखे दिसेल.

शेवटी जुन्या हँडलरमधील डू-टायमर (do_timer) या फंक्शनची हाक काढायला विसरू नका, कारण नवी चौकट ती स्वतःच देते; जुनीही राहिली तर जिफीज (कर्नलची टिकांची मोजणी) दुप्पट वेगाने वाढतात.