एमएसवर काम करणारी न्यूरोलॉजिस्ट व्हायचं असेल तर?

तुम्ही विचारलंय की मुलगी सोलापुरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करायचंय, शिकवायचंय, संशोधनही करायचंय. यात पुढं काही आहे का? मी सोलापूरचीच, याच वाटेनं गेले. आहे, भरपूर आहे.

वर्षांचा हिशेब आधी. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमडी मेडिसिन तीन, मग डीएम न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांची पदवी, तीन. प्रवेश परीक्षांत एखादं वर्ष गेलं की तिशी उलटते, आणि त्यापुढं एमएसची फेलोशिप. कॉलेजातल्या पगारात आणि खासगी प्रॅक्टिसच्या कमाईत फरक राहतो, तेही घरात आत्ताच मोकळेपणी बोलून घ्या.

आता काम कसं असतं ते. एका मे महिन्यात तिशीतली एक विडी कामगार बाई ओपीडीत आली. पत्र्याचं घर. "म्याडम, सकाळी विडीला दोरा बांधता येतो, दुपारच्याला दोराच दिसंना. रातच्याला परत दिसतंय." चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. घरचे म्हणत, कामाचा कंटाळा. खोलीतला दिवा घालवून मी टॉर्च तिच्या उजव्या डोळ्यावर धरला, बाहुली आकसली. डाव्यावर नेला तर ती मोठी होत गेली. डाव्या डोळ्याची नस अधू होती. मग खोदून विचारलं. दोन वर्षांपूर्वी पाय महिनाभर बधिर होता, आपोआप बरा झाला, म्हणून तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. एमआरआयनं पुढचं सांगितलं: एमएस.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते. आवरण गेलेल्या तंतूतून अंग तापलं की संदेश नीट जात नाही. गार झालं की पुन्हा जातो. जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी अशी तात्पुरती अंधारी १८९० मध्ये नोंदवली. ज्या गावात पारा बेचाळीसच्या वर जातो, तिथं काम करणाऱ्या बाईचं दुपारी काय होतं, हा प्रश्न थंड देशातल्या डॉक्टरला सुचणार नाही. तुमच्या मुलीला सुचेल. प्राध्यापक होण्याचं मला वाटणारं खरं कारण हेच आहे.

दुसरं कारण निदानाचं. एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो. त्याची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, तेव्हा कुठे दोन्ही नीट वेगळे करता आले. एमएसचं इंटरफेरॉन हे औषध एनएमओच्या रुग्णाला दिलं तर आजार बळावू शकतो. हा फरक ओळखणारे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तयार करणं मला औषध लिहिण्याइतकंच मोलाचं वाटतं. आणि हे रुग्ण एकदा येऊन जात नाहीत, वीस-वीस वर्षं आपले असतात. बाळंतपण करावं का, नोकरी सोडावी का, सगळं आपल्यालाच विचारतात. ज्याला हे ओझं वाटतं त्यानं दुसरी शाखा घ्यावी.

मुलीला सांगा, डीएमची वाट बघू नकोस. सिव्हिलच्या वॉर्डात पोस्टिंग असेल तेव्हा, रुग्णाला विचारून, निदान शंभर जणांच्या डोळ्यांवर तो टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवून बघ. शंभर निरोगी बाहुल्या पाहिल्यावर एकशे एकावी अधू असली तर लगेच कळते.