मेयोच्या गेलिक फुटबॉल संघाचा २०१७ चा हंगाम चांगला म्हणायचा की वाईट?

तुम्ही लिहिलंय की डब्लिनला नवीन आलात, ऑफिसात शेजारी मेयो काउंटीचा (आपल्या भाषेत जिल्ह्याचा) माणूस बसतो, आणि २०१७ चं नाव निघालं की आधी त्याची छाती फुगते आणि मग तो एकदम गप्प होतो. तेव्हा तो हंगाम चांगला होता की वाईट, आणि त्याच्याशी यावर बोलायचं तरी काय?

मी २०१४ ते २०१९ मेयोतच, कॅसलबारला होतो. औषधांच्या कारखान्यात नोकरी. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे तालमीसाठी भांडणारे लोक लहानपणापासून पाहिलेले. तरीही तो उन्हाळा मला जड गेला, तर तुमच्या सहकाऱ्याचं काय होत असेल!

आधी आकडा सांगतो, कारण सगळी गंमत त्या आकड्यात आहे. त्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाच्या काउंट्यांमधल्या मुख्य स्पर्धेत, मेयो १० सामने खेळले. ६ जिंकले, २ बरोबरीत सुटले, २ हरले. जूनमधला पराभव एका पॉइंटने आणि सप्टेंबरमधला, म्हणजे अंतिम सामन्यातला, तोही एका पॉइंटने.

एक पॉइंट म्हणजे किती थोडं, ते कळायला गुणांची पद्धत माहीत हवी. २०२४ पर्यंतच्या नियमाने, गोलच्या दोन खांबांमधून, पण आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला की १ पॉइंट. दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे ३ पॉइंट. धावफलकावर दोन्ही वेगवेगळे लिहितात. ‘१-१७’ म्हणजे एक गोल आणि सतरा पॉइंट, एकूण २०. पहिल्या वर्षी मला प्रत्येक वेळी मनात बेरीज करावी लागायची आणि ती होईपर्यंत पुढचा पॉइंट झालेला असायचा. आणि हो, यातल्या कुणालाच खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी कामावर जातो.

मेयोने ऑल-आयर्लंडचा किताब, म्हणजे सॅम मॅग्वायर कप, शेवटचा जिंकला १९५१ साली. २०१७ चा हंगाम सुरू झाला तेव्हा २०१६ ची जखम ओलीच होती. त्या वर्षी अंतिम सामना डब्लिनशी बरोबरीत सुटला होता, तोही मेयोच्या खेळाडूंकडून आपल्याच जाळ्यात दोन गोल गेलेले असताना. फेरसामना त्यांनी एका पॉइंटने गमावला. २०१३ च्या अंतिम सामन्यातही हरले ते डब्लिनकडूनच, आणि फरक तोच, एक पॉइंट. तर अशा पार्श्वभूमीवर मे महिन्यात स्लायगोला सहज हरवलं आणि ११ जूनला सॉल्टहिलला गॉलवेशी गाठ पडली. गॉलवे शेजारची काउंटी, त्यामुळे वैर घरचंच. पहिल्या अर्ध्यातच मेयोच्या कीथ हिगिन्सला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना एक माणूस कमी घेऊन खेळावा लागला. गॉलवे ०-१५, मेयो १-११. म्हणजे पंधरा पॉइंट विरुद्ध चौदा. सलग दुसऱ्या वर्षी गॉलवेने त्यांना कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेतून बाहेर काढलं.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. १४ जूनला कॅसलबारचे एंडा केनी पंतप्रधानपदावरून उतरले (त्यांचे वडील १९३६ च्या मेयोच्या विजेत्या संघात होते) आणि त्यांच्या जागी आले डब्लिनचे लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड. कारखान्यात मला दिवसभर त्याबद्दल विचारत होते, जणू शपथविधी माझ्याच चुलतभावाचा होता. कॅन्टीनमधला एक जण मात्र खिन्नपणे म्हणाला, ‘एका आठवड्यात मॅचही गेली आणि खुर्चीपण. खुर्ची नेली ती पण डब्लिननेच.’

प्रांतात हरलं की त्या काळी संपत नसे. २००१ पासून हरलेल्यांसाठी क्वालिफायरच्या फेऱ्या होत्या. तिकडे त्याला ‘मागचं दार’ म्हणत, पण आपल्याकडे मागल्या दाराने शिरणं म्हणजे जे समजतात तसं त्यात काही नव्हतं. उलट हे दार जास्त खडतर. तिथून आलेल्याला जास्त सामने खेळावे लागत आणि प्रत्येक सामना हरलं तर घरी जायच्या बोलीवर.

१ जुलैला कॅसलबारमध्ये डेरी. कागदावर सोपा सामना, प्रत्यक्षात जादा वेळेपर्यंत गेला. तिथे मात्र मेयोने त्यांना पार पिसून काढलं. ८ जुलैला एनिसमध्ये क्लेअर, तो ठीक. आणि २२ जुलैला लिमरिकमध्ये कॉर्क.

या सामन्याला मी स्वतः होतो. माझ्या शेजारचे निवृत्त शेतकरी आजोबा मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. डिकीत चहाचा फ्लास्क आणि फॉइलमध्ये बांधलेली सँडविचेस. दोन-अडीच तासांच्या वाटेवर हिरवे-लाल झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग होती, आणि प्रत्येक गाडीत लोक बहुतेक याच गोष्टीवर बोलत असणार की आज हरलो तर ही टीम संपली. म्हातारी झालीय, दमलीय, नव्या पोरांना जागा द्या. जातानाचा संपूर्ण रस्ता आजोबांनी संघाच्या श्राद्धाची तयारी केली. सामना पुन्हा जादा वेळेत गेला. मेयो ०-२७, कॉर्क २-२०. सत्तावीस विरुद्ध सव्वीस! परतताना तेच आजोबा सप्टेंबरच्या तिकिटांबद्दल बोलत होते.

मला या खेळातलं जे काही कळतं ते त्या दिवशी कळलं. मेयोने त्या दिवशी एकही गोल केला नाही, दोन खाल्ले, आणि तरी जिंकले. २७ वेळा कुणीतरी शांतपणे दांडीवरून चेंडू मारला. घाई केली नाही. डेरी आणि कॉर्क मिळून तीन आठवड्यांत दोनदा जादा वेळ खेळलेल्या संघाचे पाय थकतात म्हणतात. माझ्या डोळ्यांना दिसलं ते उलटं. त्यांना शेवटच्या दहा मिनिटांची सवय झाली होती. गॉलवेला हरले नसते तर हे सामने झालेच नसते, आणि ते झाले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं असं माझं मत आहे. आजोबांना हे पटत नाही. त्यांच्या मते जो सामना हरला तो हरला, त्याचे फायदे मोजणं हा आम्हा कारखान्यातल्या लोकांचा रोग.

पुढे उपांत्यपूर्व फेरीत रॉसकॉमन, कॉनॉटचे त्या वर्षीचे विजेते. त्यांनी प्रांताच्या अंतिम सामन्यात गॉलवेला हरवलं होतं, म्हणजे मेयोला हरवणाऱ्यांना हरवलेले. पहिला सामना बरोबरीत. दुसरा ७ ऑगस्टला, आणि तिथे मेयोने ४-१९ केले, रॉसकॉमनने ०-९. तब्बल २२ पॉइंटचा फरक. आता लावा तर्क! जे गॉलवेकडून हरतात ते गॉलवेला हरवणाऱ्यांचा असा फडशा पाडतात.

मग केरी. तोवर ३७ वेळा किताब जिंकलेली ही काउंटी, गेलिक फुटबॉलमधलं खानदानी घराणं म्हणा. त्यांच्याकडे किअरन डोनाही नावाचा उंचच उंच गडी, ज्याच्या डोक्यावर चेंडू टाकायचा आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. मेयोचे प्रशिक्षक स्टीफन रॉशफर्ड यांनी त्याच्यासमोर उभा केला एडन ओ’शे, जो मुळात पुढे किंवा मधल्या फळीत खेळणारा. सगळ्या समालोचकांनी तोंडसुख घेतलं. २०१६ च्या फेरसामन्यात रॉशफर्डनी आपला गोलकीपर डेव्हिड क्लार्कला बसवून दुसऱ्याला उतरवलं होतं, तो डाव अंगलट आला होता, त्यामुळे लोक टपूनच होते. पहिला सामना २-१४, २-१४ असा सुटला. रॉशफर्डनी फेरसामन्यातही ओ’शेला तिथेच ठेवलं. २६ ऑगस्टला मेयो २-१६, केरी ०-१७. पुन्हा घेतलेली तीच जोखीम, आणि यावेळी ती लागू पडली. त्या सामन्यात गोल करणाऱ्यांत होता अँडी मोरन, तेहतिशीचा माणूस, ज्याला त्या वर्षाअखेरीस देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडलं.

१७ सप्टेंबर. क्रोक पार्क, ८२ हजारांहून जास्त माणसं, समोर तिसऱ्या सलग किताबासाठी आलेलं डब्लिन. मला तिकीट मिळालं नाही, कॅसलबारच्या एका पबमध्ये उभ्याने पाहिला. दुसऱ्याच मिनिटाला कॉन ओ’कॅलहानने डब्लिनचा गोल केला आणि पबमध्ये कुणीतरी हसलं. सवयीचं हसू होतं ते. पण मेयो परतले, मध्यंतराला एका पॉइंटने पुढे. डब्लिनने मध्यंतराला डर्मिड कॉनोली आणि केव्हिन मॅकमॅनॅमनला आत आणलं. ज्या संघाच्या बाकावर कॉनोली बसलेला असतो त्या संघाशी तुम्ही खेळताय, एवढंच लक्षात घ्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे इतकं लांबलचक लिहितोय. दुसऱ्या अर्ध्यात डब्लिनच्या जॉन स्मॉलने मेयोच्या कोल्म बॉयलला पाडलं. स्मॉलला आधी एक पिवळं कार्ड मिळालेलं होतं, म्हणजे तो बाहेर जाणार. मेयोला फ्री-किक मिळणार, तीही मारण्याजोग्या अंतरावर, आणि वर एक माणूस जास्त. पंच खिशात हात घालतोय, तेवढ्यात मेयोचाच डोनल वॉन धावत आला आणि त्याने स्मॉलला धडक दिली. वॉनला थेट लाल कार्ड. दोघेही बाहेर, १४ विरुद्ध १४, आणि फ्री-किक रद्द होऊन चेंडू दोघांमध्ये उडवला गेला. दैव देतं आणि कर्म नेतं, हे मी शाळेत शिकलो होतो, पाहिलं त्या दिवशी.

त्यानंतर मेयोच्या ली कीगनने गोल केला, मेयो पुढे गेले, पब डोक्यावर घेतला लोकांनी. डब्लिनने पुन्हा गाठलं. जादा मिनिटांमध्ये १-१६, १-१६ अशी बरोबरी असताना मेयोच्या किलियन ओ’कॉनरची फ्री-किक खांबावर आदळली. मग दुसऱ्या टोकाला कॉनोलीला पाडलं म्हणून डब्लिनला फ्री-किक मिळाली. ती मारायला डीन रॉक धावायला लागला तेव्हा कीगनने आपल्या बनियनमधलं, धाव मोजायचं जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. हो, खरंच फेकलं. चेंडू तरीही खांबांच्या मधून गेला. १-१७ विरुद्ध १-१६. क्लार्क चेंडू परत खेळात टाकणार तर डब्लिनच्या पोरांनी मेयोच्या माणसांना धरून जमिनीवर पाडलं, त्यासाठी किअरन किलकेनीने काळं कार्ड (मुद्दाम पाडल्याची शिक्षा) घेतलं, आणि क्लार्कची किक बाजूच्या रेषेबाहेर गेली. संपलं.

लोक तुम्हाला शापाची गोष्ट सांगतील. १९५१ चा संघ कप घेऊन परतताना फॉक्सफर्डमध्ये एका अंत्ययात्रेजवळून जल्लोष करत गेला, पाद्र्याने शाप दिला की यातला शेवटचा खेळाडू मरेपर्यंत मेयो जिंकणार नाही. माझ्या मते भाकडकथा. त्या संघातले शेवटचे पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ मध्ये गेले, कप काही आला नाही. शापावर मला राग आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. शाप म्हटलं की रॉशफर्डची जोखीम, लिमरिकमधले ते २७ पॉइंट आणि वॉनची धडक, सगळं एकाच पोत्यात जातं. मग ना शाबासकी कुणाला देता येते ना जाब कुणाला विचारता येतो.

तर चांगला की वाईट? माझ्या लेखी मेयोचा मी पाहिलेला तो सगळ्यात चांगला संघ होता, आणि २०२१ मध्ये त्यांनी उपांत्य सामन्यात डब्लिनला शेवटी हरवलं (आणि मग अंतिम सामना टायरोनकडून घालवला), तेव्हाच्या संघापेक्षाही चांगला. आजोबांचं उत्तर एका शब्दाचं आहे, तो शब्द इथे लिहिता येणार नाही.

सहकाऱ्याशी बोलायचंच असेल तर कॉर्कच्या सामन्यापासून सुरुवात करा. तो तिथे होता का, कुठे उभा होता, विचारा. अर्धा तास निघून जाईल. कीगनच्या जीपीएसबद्दल विचारलंत तर तो हसेल, त्याचं त्यांना आता कौतुकच वाटतं. डोनल वॉनचा विषय मात्र तुम्ही काढू नका. तो त्याचा त्याला काढू दे, आणि काढलाच तर मध्ये काही बोलू नका, चहा मागवा.