स्विच बदलण्याआधी कीकॅप बदलून बघ

मेकॅनिकल कीबोर्डच्या कळेखालचा स्विच आवडला नाही म्हणून लगेच दुसरे मागवू नकोस. बोट स्विचला लागतच नाही, ते लागतं कीकॅपला, म्हणजे कळेवरच्या प्लास्टिकच्या टोपीला. स्विच तोच, स्प्रिंग तीच, पण वरची कॅप बदलली की हाताला वेगळं जाणवतं.

सगळ्यात मोठा फरक उंचीचा. कॅपच्या आकाराला प्रोफाइल म्हणतात. चेरी प्रोफाइल बुटकं, ओईएम थोडं उंच, आणि एसए तर चांगलंच उंच, वर वाटीसारखं खोलगट. उंच कॅपच्या कडेवर बोट पडलं की दाब तिरका जातो, स्विचचा दांडा आत घासतो आणि गुळगुळीत लिनियर (मध्ये खटका न लागणारा) स्विचही खरखरीत वाटायला लागतो. यात बिचाऱ्या स्विचचा काहीच दोष नसतो.

जाडीही बघ. 1 मिमीची पातळ कॅप टकटक वाजते, 1.5 मिमीची खर्जात बोलते. आवाज भरीव झाला की दाबही भक्कम वाटतो. कॅपच्या प्लास्टिकांपैकी एबीएस वापरून चकचकीत होतं, पीबीटीचा पोत जास्त टिकतो. मी पीबीटीच घेतो.

आता एक बारीक गोष्ट. स्विचमधली एलईडीची खिडकी स्क्रीनच्या बाजूला असेल, तर चेरी प्रोफाइलच्या काही कॅप्स, विशेषतः ए-एस-डी-एफच्या ओळीतल्या, पूर्ण खाली जाण्याआधीच स्विचच्या वरच्या कडेवर आपटतात. तळाशी बोथट, कोंडल्यासारखा आवाज येतो. शंका आली तर तिथे एक ओईएम कॅप बसव आणि शेजारची कळ दाबून दोन्ही आवाज ऐक. वेगळे आले, तर दुसऱ्या प्रोफाइलचा सेट घे, स्विच राहू देत.