मशीन बंद केल्यानंतरचं वेल्डिंग

तुमचं रो-हाउसचं पार्किंग दहा बाय अठरा फूट, मागे जिन्याखाली अडगळ, एका बाजूला शेजाऱ्यांची आणि तुमची कॉमन भिंत. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन घेतलंय, गच्चीचं रेलिंग आणि कुंड्यांचे स्टँड घरीच करायचेत. शॉक लागेल का आणि शेजारी तक्रार करतील का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. प्रश्न बरोबर आहेत, पण माझा अनुभव वेगळाच आहे. मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला एकवीस वर्षं काढली, तिथे मला कधी काही झालं नाही. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या घरी पार्किंगमध्ये हौसेने वेल्डिंग सुरू केलं आणि पहिल्याच वर्षात तीनदा चटका बसला. तिन्ही वेळा मशीन बंद करून, हातपाय धुऊन झाल्यावर.

शॉकचं आधी उरकतो. २.५ मिमीचा ६०१३ प्रकारचा वेल्डिंग रॉड ८० अँपिअरवर चालवलात तर सॉकेटमधून साधारण १२ ते १४ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी, आणि एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ स्क्वेअर मिमीची तीन कोअरची वायर, गुंडाळी पूर्ण सोडून. गुंडाळलेली वायर तापते आणि आतल्या आत वितळते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच, पण त्याच्या भरवशावर होल्डर (रॉड धरायचा चिमटा) हाताळू नका. मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर तो ट्रिप होईल. रॉडच्या बाजूचा शॉक त्याला कळतच नाही, कारण तो भाग ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला असतो. रॉड लावून नुसतं उभं असताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात. कोरड्या कातडी हातमोज्यात ते जाणवत नाहीत. मे महिन्यात घामाने भिजलेल्या मोज्यात, ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसलात तर चांगले जाणवतात. मी पायाखाली जुनी लाकडी फळी घेतो, हातमोज्यांचे दोन जोड ठेवतो आणि पावसाची सर आली की काम बंद. अर्थिंगचा क्लॅम्प जॉबलाच, म्हणजे जोडायच्या लोखंडालाच लावा, तोही टाक्याच्या (जोडाच्या) जवळ. गेटला, नळाच्या पाइपला किंवा भिंतीवरून गेलेल्या गॅसच्या पाइपला चुकूनही नको.

आता पहिला चटका, डोळ्यांचा. माझा भाचा सुट्टीला आला होता, पाइप धरायला उभा केला. मास्क एकच होता. “मी डोळे मिटतो ना मामा,” म्हणाला. मी टॅक, म्हणजे तात्पुरते टाके मारायचो, तो मान वळवायचा. असे वीसेक टॅक झाले. रात्री दीडला त्याने मला उठवलं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटतंय म्हणत होता, पाणी थांबेना, दिवा लावू देईना. आर्कमधल्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झगझगीत ज्योतीतल्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि हे कळायला सहा-बारा तास जातात, म्हणून त्या वेळी सगळं ठीकच वाटतं. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, कुणाचं तरी दूध, सगळे सल्ले मिळाले. डॉक्टरकडे नेलं, वंगणाचे थेंब आणि अंधारी खोली, दोन दिवसांत बरा झाला. एक लक्षात ठेवा: डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घरी घालू नका. वेदना जाते, पण जखम भरायला वेळ लागतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

तेव्हापासून माझ्याकडे दोन मास्क असतात. १०० अँपिअरच्या आसपास १० किंवा ११ नंबरची काच लागते. ऑटो-डार्क, म्हणजे आर्क पेटला की आपोआप काळी होणारी काच घेतलीत तर काम सुरू करण्याआधी ती काळी होते का ते रोज तपासा, बॅटरी अगदी नको त्या क्षणी संपते. कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरचा काळा गॉगल पाहून फसू नका. पार्किंगची भिंत पांढरी असेल तर उजेड मागून येऊन मास्कच्या आत शिरतो. आणि कंपाउंडच्या पलीकडची मुलं! निळा उजेड दिसला की ती भिंतीवर चढतातच. मी दोन जुने पत्रे चौकटीला बांधून आडोसा केलाय, खाली वीतभर फट ठेवून, म्हणजे हवा खेळती राहते. प्लास्टिकची ताडपत्री आडोशाला बांधू नका, तीच पेटते.

दुसरा चटका धुराचा. गच्चीच्या मांडवासाठी स्वस्तात मिळाले म्हणून जीआय (जस्ताचा थर दिलेले) पाइप आणले आणि दुपारभर जोडत बसलो. जीआयवरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास जावं लागतं, म्हणजे टाका बसण्याआधी जस्ताचा पांढरा धूर नाकात जाणारच. संध्याकाळी तोंडाला धातूची चव, रात्री हुडहुडी, ताप, अंग ठेचून निघालेलं. बायकोला वाटलं मलेरिया. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. कारखान्यातले जुने लोक यावर गूळ खायला सांगतात, काही जण दूध. गूळ खा, छान लागतो, पण धूर फुप्फुसात जातो आणि गूळ पोटात. शक्य तिथे काळा एमएस (साध्या लोखंडाचा) पाइपच घ्या आणि नंतर रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग मारा. जीआयच वापरायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने (घासायच्या चकतीने) घासून घ्या, तेही मोकळ्यावर आणि नाकातोंडाचा मास्क लावून. पाइपच्या आतला थर तरीही राहतो.

साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून टाकला. शटर अर्धं ओढून काम करायची सवय अनेकांना असते, ‘शेजाऱ्यांना त्रास नको’ म्हणून. ते करू नका. शटर पूर्ण वर, पंखा बाजूने, डोकं धुराच्या लोटाबाहेर, आणि एन-९५. नाकावर बांधलेला रुमाल फक्त समाधान देतो. जॉब ब्रेक क्लीनरने पुसला असेल तर डब्यावर आधी वाचा: क्लोरीनयुक्त द्रावण असेल तर आर्कजवळ त्याचा फॉस्जीन होतो, आणि तो युद्धात वापरलेला वायू आहे.

आता आग. याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. त्या दिवशी दुपारी एकला काम संपवलं, मशीन गुंडाळलं, जेवायला बसलो. सव्वादोनला बायको म्हणाली, रद्दी जळल्यासारखा वास येतोय. जिन्याखाली कुंड्यांसाठी ठेवलेलं बारदान होतं, त्याच्या घडीत एक ठिणगी शिरून सव्वा तास आतल्या आत धुमसत होती. उचललं तशी हवा लागली आणि भडकलं. शेजारी वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पलीकडे स्कूटर. एक बादली पाण्यावर निभावलं.

अमेरिकेत अशा कामांसाठी एनएफपीए ५१बी नावाचं मानक आहे. त्यात ३५ फुटांच्या आत जळण्याजोगं काही नको असं म्हटलंय, आणि काम थांबल्यावर आगीवर पहारा ठेवायचा वेळ आधी अर्धा तास होता, तो २०१९ च्या आवृत्तीत एक तास केला. तुमचं पार्किंग अठरा फूट लांब आहे. म्हणजे पस्तीस फूट मोकळे तुम्ही करूच शकत नाही, ठिणगी जिन्याखाली पोचणारच. म्हणून अडगळ आधी बाहेर काढा, ‘पत्रा टाकून झाकतो’ नको. स्कूटर आणि कार रस्त्यावर, पण ग्राइंडरच्या झोताच्या दिशेला नाही. पेट्रोल, थिनर, रंगाचे डबे घरातसुद्धा नाहीत, शेजारच्या गल्लीत. पेट्रोलची आणि सिलिंडरच्या गॅसची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून सरकत येते. ज्या दिवशी वेल्डिंग त्या दिवशी रंगकाम नाही. पेट्रोलची टाकी, ड्रम, बंद डबा यांना कुणी कितीही विनवलं तरी हात लावू नका. रेलिंगच्या पाइपची दोन्ही टोकं बंद करत असाल तर आधी एक बारीक भोक पाडा, आत तापलेल्या हवेला वाट हवी.

वेल्डिंग मी जेवायच्या तासभर आधी संपवतो आणि तो तास तिथेच झाडू मारत, स्लॅग (टाक्यावरून निघालेली गरम खपली) उचलत घालवतो. पाण्याची बादली, वाळूची बादली आणि आग विझवायचं चार किलोचं एबीसी पावडरचं सिलिंडर दाराशी. वीज चालू असताना पाणी नाही, आधी मेन बंद.

शेजाऱ्यांबद्दल. वेल्डिंगला आवाज फारसा नसतो, ग्राइंडर मात्र कानठळ्या बसवतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि चार इंची ग्राइंडर त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून कटिंग शक्यतो दुकानातूनच मापाने करून आणा. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यातच नाही, नाशिकातही पवित्र आहे. माझं भांडण झालं ते आवाजावरून नव्हतंच. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बसल्या, पहिल्या पावसानंतर तिथे तांबूस ठिपके उगवले. बॉनेटवर बोट फिरवून त्यांनी मला एकेक ठिपका दाखवला. पॉलिशचा खर्च मी दिला. आता आदल्या दिवशी सांगून येतो, गाडी हलवायला.

आणि ओळखीच्यांची गेट पैसे घेऊन करायचा मोह झाला तर थांबा. घरगुती जोडणीवर धंदा म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, बिल मागच्या तारखेपासून लावतात.

रेलिंगचा पाइप आणला नसेल तर काळा आणा, दीड इंची, २ मिमी जाड. १.२ मिमीचा स्वस्त पडतो, पण नवशिक्याच्या हातून भोकं पडतात.