भूगोलाच्या कव्हरातलं पुस्तक

'पोरं वाचत नाहीत' ही तक्रार जुनी झाली. हल्ली कणकवलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तिची धाकटी बहीण वरचेवर येते: "वाचते हो मॅडम, पण नको ते वाचते." आणि लगेच पुढचं, "तुम्हीच एक चांगली यादी द्या."

गेल्या मार्चात देवगडकडची एक आई नववीतल्या लेकीला घेऊन आली. (घरच्यांना विचारून लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) आंब्याचे दिवस, घरी पेट्या भरायची घाई, तरी आली. पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढून तिने टेबलावर ठेवलं. लेबलवर वळणदार अक्षरात 'भूगोल'. आत मिलिंद बोकील यांची 'शाळा'.

"गादीखाली मिळालं. प्रेमप्रकरणाचं पुस्तक आहे."

"तुम्ही वाचलंत?"

"मधली चार पानं चाळली. पुरे झाली."

मुलगी पंख्याकडे बघत होती. तीन भेटी तिने 'माहीत नाही' यावरच काढल्या. मी खोदत बसले नाही. गप्प बसलेल्या मुलाशेजारी आपल्यालाही गप्प बसता आलं पाहिजे, या मताची मी आहे. इतक्या वर्षांत या मताने मला फारसं फसवलेलं नाही.

चौथ्या भेटीत मात्र एक प्रश्न विचारला. 'काय आवडलं' असं मी मुलांना विचारत नाही, त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं. मी विचारलं, "यातलं कळलं नाही असं काय आहे?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आणीबाणी."

मी थांबले. 'शाळा' ही कादंबरी त्याच काळात घडते.

"म्हणजे इंदिरा गांधी वगैरे माहितेय. पण मोठी माणसं सगळं आपसात बोलतात आणि मुलांना कोणी काही सांगत नाही, हे असं का?" मग बराच वेळ कव्हराचा कोपरा नखाने सोलत राहिली. "आमच्याकडे पण मी आले की बोलणं थांबतं. बागेवर कर्ज आहे. मला माहितेय. त्यांना वाटतं, मला माहीत नाही."

आई बाहेर बाकावर बसून पोरीचं कुणाशी काय चाललंय याचा घोर लावून घेत होती. आणि आत पोर घरच्या कर्जाबद्दल बोलत होती. मलाही तोवर वाटत होतं की कुठेतरी वर्गातला एखादा मुलगा निघणार. तेवढं कबूल करते.

आईला मी एकच काम दिलं: पुस्तक वाचा, पहिल्या पानापासून. आणि लेकीला सांगितलं, आणीबाणीचं मला विचारू नकोस, आजोबांना विचार. १९७५ साली आजोबा पंचविशीत होते. त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं म्हणे, "अगो बाय, आमचे खासदारच तुरुंगात होते मगे!" खासदार म्हणजे राजापूरचे मधु दंडवते. १९७७ साली तेच रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गादी आली. ती रात्र आजोबांनी गाजवली. त्याच ओघात कर्जाचाही विषय निघाला. किती, कोणाचं, कधी फिटेल, सगळं. पोर ऐकून शांत झोपली, असं आईच सांगत होती.

आता यादीचं. मी यादी देते, पण औषधाच्या चिठ्ठीसारखी नाही. आपण पुस्तक 'बोध घ्यायला' देतो आणि मुलांना त्याचा वास लागतो. 'श्यामची आई'चंच बघा. बक्षीस म्हणून तीन-तीन प्रती घरात असतात, एकही उघडलेली नसते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आपल्या दापोलीजवळच्या पालगडचं पुस्तक. त्यातला पोहायला घाबरून माळ्यावर लपणारा श्याम, पुस्तकापायी चोरी करणारा श्याम मुलांना दाखवला तर ती वाचतात. आईचा त्याग आपला आपण सापडतो त्यांना.

बारा-तेराच्या मुलांना मी प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' देते. त्यातला लंपन हा मुलगा त्यांना वर्गातलाच वाटतो. इतिहासाच्या सनावळ्यांना कंटाळलेल्यांना गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा माणूस दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५७च्या धुमाळीत सापडला. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं सोबत वाचावी लागतात. दहावीच्या पुढच्यांना ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, त्यांची आई करायची ते. रत्नागिरीजवळच्या गावातून माल डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जाणाऱ्या बायका त्यात आहेत आणि त्यांना दाराबाहेर उभं करणारी आपलीच गावंही आहेत. इथे पालक अडखळतात: "जातीचं आत्ताच कशाला?" माझं उत्तर ठरलेलं आहे. वर्गातल्या मुलांना ते आधीच कळलेलं असतं, फक्त आपल्याशी बोललेलं नसतं.

अट एकच घालते, आणि ती पालकांना. जे द्याल ते आधी किंवा सोबत वाचा. वाचून झाल्यावर 'काय शिकलीस' विचारू नका. खटकलेलं एखादं पान असेल तर तेच काढून बोला, लपवू नका.

ती आई मे महिन्यात पुन्हा आली. पुस्तक परत करायचं होतं, मैत्रिणीच्या दादाचं होतं. खाकी कव्हर निघालेलं.

"वाचलं पूर्ण," ती म्हणाली. "शेवट नाही आवडला मला."

"मला पण," लेक म्हणाली, आणि दोघी बाहेर जाईपर्यंत शेवट कसा असायला हवा होता यावर भांडत राहिल्या. रिक्षात बसतानाही चालूच होतं.