कोरोनात विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या सरकारी दवाखान्यांनी नेमकं काय केलं? की सगळे पेशंट नागपूरलाच धाडले?

धाडले ना. सगळे नाही, पण बरेच धाडले. तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात आरोग्य व्यवस्थापन शिकता आणि 'रेफर केलं' म्हणजे 'हात वर केले' असं तुम्हाला वाटतं. तिथूनच सुरुवात करतो, कारण आमचं अर्धं काम त्या रेफरमध्येच होतं. चुकलो तेही तिथेच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. गावच्या भाषेत 'गोया देनारा भाऊ'. स्टोअर माझ्याकडे, म्हणून ऑक्सिजनचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात पडलं. जे सांगतो ते स्टोअरच्या खिडकीतून दिसलेलं आहे. वॉर्डातलं डॉक्टर आणि सिस्टर जास्त सांगतील.

आधी एक गोष्ट, जी पुस्तकात एका चौकटीत असते आणि प्रत्यक्षात रात्री दोन वाजता समजते. उपकेंद्र आणि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) जिल्हा परिषदेचं, त्यांचा साहेब डीएचओ, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकाचं. मेडिकल कॉलेज वेगळ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं. म्हणजे खेड्यातून निघालेल्या एका पेशंटच्या वाटेत तीन साहेब. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे निदान जिल्ह्याला सरकारी कॉलेज होतं. अमरावती, बुलडाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली इथे तेव्हा तेही नव्हतं. वर्ध्याला सेवाग्राम आणि सावंगीची मेडिकल कॉलेजं असल्याने त्यांचं बरं होतं, आसपासच्या जिल्ह्यांचे लोकही तिकडे जात. कोरोनात साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा लागला, सगळं कलेक्टरच्या हाताखाली आलं, आणि पहिल्यांदा तिन्ही साहेब रोज एका मीटिंगला बसायला लागले. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच होती. तिच्यासाठी एक रुपयाचीही खरेदी लागली नाही.

पहिली लाट आमच्याकडे तयारीतच गेली. नागपुरात पहिला पेशंट ११ मार्च २०२० ला सापडला, यवतमाळात दुबईहून परतलेल्या काही जणांमुळे त्याच महिन्यात धावपळ सुरू झाली. नमुने नागपूरच्या मेयो या सरकारी दवाखान्यात जायचे. लसीच्या डब्यात बर्फ भरून गाडी निघायची आणि रिपोर्टची वाट बघत माणूस आश्रमशाळेच्या वसतिगृहात जेवणाच्या तक्रारी करत बसायचा. (तक्रारी खऱ्या होत्या. वरणात डाळ शोधावी लागायची.) पुढे जवळ लॅब झाल्या, टीबीसाठी आलेलं ट्रूनॅट हे तपासणीचं मशीन कोरोनाला लावलं, मग अँटिजेन किट आल्या. लक्षणं नसलेला वसतिगृहात, ऑक्सिजन लागेल असा आमच्याकडे, व्हेंटिलेटर लागेल असा जिल्ह्याला, अशी तीन पायऱ्यांची उतरंड कागदावर छान बसली. तीस खाटांचा आमचा दवाखाना, त्यातल्या बारा खाटांना ऑक्सिजन. दिवाळीनंतर वॉर्ड रिकामा झाला आणि आम्हालाही वाटलं, झालं.

मग जानेवारी २०२१. १५ तारखेला ग्रामपंचायतीच्या निवडणुका, मग गुलाल, मग लग्नसराई. त्यातल्या कशाने किती वाढलं हे मी सांगू शकत नाही, पण फेब्रुवारीत राज्यात इतरत्र तुलनेने शांत असताना अमरावती, अकोला आणि आमचा यवतमाळ पेटला. २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारत होते, तिकडे काय चाललंय? दोन महिन्यांनी तेच फोनवर बेड शोधत होते.

एप्रिलमधली एक रात्र सांगतो. दहा वाजले होते. वॉर्डात ऑक्सिजनवर नऊ पेशंट, सरासरी दहा लिटर. भरलेले जम्बो (मोठे) सिलिंडर आठ. एका जम्बोत सात हजार लिटर धरायचे, म्हणजे छप्पन हजार. मिनिटाला नव्वद लिटर जातात, म्हणजे सव्वादहा तासांच्या आसपास. सकाळी आठपर्यंत पुरेल. सिलिंडर भरायला गेलेली गाडी सातला यायची होती, आणि ती प्लांटवर रांगेत उभी होती. हा हिशेब मी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर केला आणि खोका घेऊन आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो.

मॅडम काही बोलल्या नाहीत. पीपीई किट चढवली आणि प्रत्येक खाटेजवळ जाऊन फ्लोमीटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातो ते दाखवणारा काटा, बघायला लागल्या. बाहेर रात्रीसुद्धा उकाडा, किटच्या आत घामाची धार. चौथ्या खाटेवरच्या बुढ्याला पाच लिटर लिहिलेलं, काटा पंधरावर. मुलगा शेजारी बसलेला. "तुम्ही वाढवलं का?"

"हाव जी. जास्त हवा भेटली तं लवकर बरा होईन ना बाबा."

काय बोलणार त्याला? नातेवाइकाला वॉर्डात येऊ द्यायला नको होतं हे खरं, पण चौदा तास दोन सिस्टर सांभाळत असताना पाणी कोण पाजणार? मॅडमने त्याला ऑक्सिमीटर दाखवला. अठ्ठ्याण्णव. "एवढा नाही लागत. चौऱ्याण्णव असला तरी चालतो. जो जास्तीचा जातो तो त्या बाजूच्या बाईचा जातो." मग ऑक्सिजन कमी लागावा म्हणून ज्यांना जमेल त्यांना पालथं झोपवलं, उशा कमी पडल्या म्हणून घरच्या गोधड्या छातीखाली दिल्या. एका रेग्युलेटरचा वॉशर गेला होता, सूं सूं आवाज येत होता. तो मी पाना घेऊन बदलला. रात्री दोनला पुन्हा बेरीज केली तर नव्वदचे पासष्ट लिटर झाले होते. गाडी साडेनऊला आली. जेमतेम एक सिलिंडर शिल्लक होता.

त्याच आठवड्यात विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपूरला आली, तिचे फोटो सगळीकडे फिरले. चांगलंच झालं. पण नागपूरचा टँकर आणि आमची चौथी खाट यांच्यामध्ये भरणा प्लांट, पिकअप, ड्रायव्हर, पाना आणि वॉशर असतो.

आता रेफर. अँब्युलन्समध्ये छोटा सिलिंडर असतो, साधारण दीड हजार लिटरचा. दहा लिटरने अडीच तास. आमच्याकडून मोठ्या दवाखान्याला दीड तास लागतो. उरला एक तास. त्या तासात फाटकातून आत घेतलं तर ठीक. म्हणून आधी फोन करायचा, 'बेड आहे का?' आणि तिकडून 'आहे' येईपर्यंत थांबायचं. तिकडचेही खोटं बोलत नव्हते; फोनवर असलेला बेड आपण पोचेपर्यंत भरलेला असायचा. आम्ही 'हो' येईपर्यंत थांबत गेलो. पेशंट ऑक्सिमीटरवर ८८ असताना काढायचा तो ७५ वर काढला, असं माझ्या डोळ्यांसमोर किमान तीनदा झालं. एक बावन्न वर्षांचा शेतकरी गाडीतच गेला, मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर. ड्रायव्हर परत आला तेव्हा सिलिंडर पूर्ण रिकामा होता. तो त्याने माझ्या स्टोअरसमोर ठेवला आणि तसाच घरी गेला.

लोक उशिरा येत होते हेही तितकंच खरं. त्या महिन्यात गावोगाव 'टायफाइड' निघत होता. ताप आला की गावातल्या डॉक्टरकडून तीन-चार दिवस सलाईन, आणि दम लागला की आमच्याकडे. आशाताई आली की दार लोटून घ्यायचे. "दवाखान्यात नेलं का मानूस वापस येत नाई" हे मी स्वतः ऐकलंय, आणि ज्याने म्हटलं त्याच्या गल्लीतून दोघं खरंच परत आले नव्हते. भीतीला उत्तर द्यायला आमच्याकडे बरे होऊन घरी गेलेलेच होते. आमच्या एका आशाताईने तेच केलं. बरी होऊन आलेल्या एका म्हाताऱ्या आजीला सोबत घेऊन फिरायची. स्वतः बोलायचीच नाही, आजी बोलायची. मग अंगणात कडुनिंबाभोवती सहा मिनिटं चालवायचं, चालण्याआधी आणि नंतर बोटाला मशीन लावायचं, फरक पडला की लगेच गाडी. तिच्या गावातून आलेले पेशंट ९० च्या वरच असायचे. त्यातले फार थोडे पुढे रेफर झाले. या बायांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे महिन्याला हजार वाढले आणि पाचशे कोविड भत्ता मिळाला. यावर मी जास्त लिहिलं तर भाषा बिघडेल.

लसीकरणाबद्दल थोडक्यात: सुरुवातीला लोक पळाले, मे-जूनमध्ये लस कमी आणि रांग मोठी, आणि पेरणी आटोपल्यावर पीएचसीच्या लोकांनी वाड्यातांड्यांवर जाऊन बरंच काम केलं. जानेवारी २०२२ ची तिसरी लाट आमच्या ऑक्सिजन रजिस्टरात जेमतेम दिसते.

तेव्हा 'सगळे नागपूरलाच धाडले का' याचं उत्तर: नाही. ज्यांना सहा-आठ लिटरवर निभावलं, ते आमच्याकडेच बरे झाले, आणि ते कोणत्याही बातमीत आले नाहीत. आता आमच्याकडे हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट आहे. वीज असली की चालतो.

तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर खाटा मोजू नका, कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेफर रजिस्टर मागा. आमच्यात 'निघाल्याची वेळ' हा रकाना छापील आहे. 'तिकडे भरती झाल्याची वेळ' हा रकाना नव्हता. तो शेतकरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरने पट्टी घेऊन लाल पेनाने आखला आणि संध्याकाळी बसून एकेका ड्रायव्हरला फोन करून भरला. ते रजिस्टर संपलं. नवीन आलं ते पुन्हा जुन्याच रकान्यांचं आहे.