उदासीन पायॉन पकडायचा कसा?

प्रश्न: धन पायॉन (धनभार असलेला, अल्पायुषी सूक्ष्म कण) अणुकेंद्रकावर आदळून उदासीन होऊन बाहेर पडतो, असे वाचले. विद्युतभार नसलेल्या, क्षणात फुटणाऱ्या कणाची ऊर्जा मोजतात तरी कशी?

उत्तर: आत घडते ते सोपे आहे. पायॉनचा धनभार एका न्यूट्रॉनकडे जातो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. कार्बन-१४ वर मारा केला तर नायट्रोजन-१४ उरतो, बहुधा २.३१ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) उत्तेजित अवस्थेत. कारण ती कार्बन-१४ च्या मूळ अवस्थेचीच जुळी: रचना तीच, फक्त एका न्यूट्रॉनच्या जागी प्रोटॉन.

अवघड आहे ते मोजमाप. उदासीन पायॉन मिलिमीटरचा दशहजारांश भागही न जाता, १०० पैकी जवळजवळ ९९ वेळा, दोन गॅमा फोटॉनांत फुटतो. म्हणून अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या वर्णपटमापकाला (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या यंत्राला) दोन बाहू होते, प्रत्येक फोटॉनासाठी एक. पायॉनची एकूण ऊर्जा ३०० एमईव्ही असेल, तर फोटॉनांमधला कोन किमान सुमारे ५३ अंश असतो. बाहूंची मांडणी त्यावर ठरते.

बाहूंमध्ये फोटॉन टिपणाऱ्या शिशाच्या काचेत फोटॉनाची ऊर्जा ढोबळच कळते. कोन मात्र नेमका मिळतो. दोन्ही फोटॉनांची ऊर्जा जवळपास सारखी असलेल्या घटनाच निवडल्या, की पायॉनची ऊर्जा मुख्यतः कोनावरून निघते आणि काचेची चूक फारशी बाधत नाही. किंमत एकच: बहुतेक घटना टाकून द्याव्या लागतात, मोजणी रेंगाळते.

आणखी एक खोच. येणाऱ्या पायॉनची गतिज ऊर्जा ५० एमईव्हीच्या आसपास असली, की समोरच्या दिशेला एस आणि पी लहरी (पायॉन-लहरीचे कोनीय संवेग शून्य आणि एक असलेले भाग) एकमेकींना जवळपास खोडतात. तिथे आकडे अगदी कमी आले, तर यंत्राला दोष देऊ नये!